ताणावर सोडलेला वर्ग

आमचे ढोमणे सर वर्षातून एक महिना बोलत नसत.

आजारी नसत, रागावलेले नसत, मौनव्रताचीही भानगड नव्हती. देवाधर्माशी त्यांचा संबंध प्रसादापुरताच होता. पण डिसेंबर अर्धा सरला की एका सकाळी सर वर्गात येत, खुर्चीवर बसत, हजेरीपट उघडत आणि नाव न पुकारता एकेकाच्या तोंडाकडे पाहून खूण करत. आम्ही सवयीनं 'हजर सर' म्हणायला गेलो की त्यांचं बोट ओठांवर जाई. ते तिथून निघायचं थेट संक्रांतीला. त्या सकाळी सर कागदाच्या पुडीतून तिळगूळ वाटत आणि बोलायला लागत. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' एवढं एक वाक्य म्हणायला महिनाभराची तयारी करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

ही गोष्ट पांढुर्ण्याची, ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा बी.कॉम. फायनलला होतो. विषय, व्यावसायिक अर्थशास्त्र. पुस्तकं हिंदीत, पेपर हिंदीत, सरांचं शिकवणं आपल्या बोलीत, आणि आमची डोकी या दोन्हींच्या मधोमध, जाम नदीच्या पात्रात. वर्गात आम्ही सगळे मिळून सात जण. शिवाय सर आमचे शेजारी. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक पुरुषभर उंचीची भिंत, आणि भिंतीपलीकडे त्यांचं संत्र्याचं एकुलतं एक झाड. त्या झाडाची गोष्ट पुढे येईलच.

सर मूळचे सौंसरजवळच्या बोरगावचे. घरची संत्र्याची बाग भावांकडे होती. सरांनी बाग सोडली, पण बागेनं सरांना सोडलं नाही. संत्र्याचं एक शास्त्र आहे. झाडाला सतत पाणी मिळत राहिलं तर ते नुसती पानं काढत बसतं, पोटभर जेवलेल्या जावयासारखं. त्याला फुलायची गरजच वाटत नाही. म्हणून बहाराच्या आधी महिनाभर पाणी तोडतात. याला म्हणतात ताण देणं. पानं मलूल होतात, गळतात, नवख्या माणसाला वाटतं झाड गेलं. मग पाणी सोडलं की पंधरवड्यात सगळी बाग पांढरीशुभ्र.

"पोट्टे अन् संत्रा सारखेच," सर सांगत. "पानी देत रायलं का निस्ते पानं काढतेत. नोट्स, गाइड, आयएमपी, सगळे पानंच! फूल पाह्यजे असंन तं पानी तोडा."

म्हणून फायनलचा वर्ग ते दरवर्षी ताणावर सोडत. आम्ही प्रश्न विचारायचे, फळ्यावर लिहायचे, आपसांत भांडायचं. सर ऐकत बसणार. उत्तर नाही, मान हलवणं नाही, भुवईसुद्धा जागची हलत नसे. फर्स्ट-सेकंडच्या पोरांशीही ते बोलत नसत, कारण तिथलं उत्तर पाझरून आमच्यापर्यंत येईल अशी त्यांना भीती. "एका झाडाले चालू अन् बाजूच्याले बंद, असं होत नसते. मुया खालून एकमेकात जातेत," हे त्यांनी आम्हाला नोव्हेंबरातच समजावून ठेवलं होतं. सबब ते गावातही मुके. पांढुर्ण्याचे भाजीवाले या महिन्याची वाट पाहत. अर्थशास्त्राचा मास्तर, आणि महिनाभर भाव करत नाही! सगळी किडकी वांगी सरांच्या पिशवीत जात.

उरलेले अकरा महिने मात्र सर भरपूर बोलत, आणि बोलून बोलून एकाच प्रश्नाशी येत. "भेटलं काय?"

तास संपला की, "आज भेटलं काय?" कोणी सत्यनारायण घातला की प्रसादाचा द्रोण हातात धरून यजमानाला, "पूजा झाली, सगळं झालं, पन भेटलं काय?" एकदा बाजारातून सायकलला मेथीच्या जुड्या अडकवून चाललेल्या आमच्या पोस्टमास्तरांना त्यांनी भर रस्त्यात उतरवलं. "मेथी भेटली, थे दिसूनच राहिली. पन भेटलं काय?" पोस्टमास्तर त्या दिवसापासून मागच्या गल्लीनं जाऊ लागले.

पुस्तकातला कुठलाही नियम गावात लावून पाहिल्याशिवाय सरांना चैन पडत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना दगड मारतात, त्या गोटमारीला सारं गाव जातं. आम्हाला सर घेऊन गेले ते मांग आणि पूर्ती, म्हणजे मागणी आणि पुरवठा, शिकवायला. एका घराच्या गच्चीवरून ते म्हणाले, "पाहा बरं. दगडाची पूर्ती कमी होऊनच नाई राहिली. वापरला का समोरचा वापस पाठवते. असा माल जगात दुसरा नाई." तेवढ्यात एक दगड गच्चीच्या कठड्यावर येऊन आपटला. सर खाली बसत म्हणाले, "अन् डोक्याची पूर्ती मातर मर्यादित हाये. लिहून घ्या."

सीमांत उपयोगितेचा नियम असा की, एकच वस्तू पुन्हा पुन्हा मिळाली की तिची गोडी दर खेपेला कमी होत जाते. हा नियम सिद्ध करायला सरांनी एका लग्नाच्या पंगतीत आमच्या वर्गातल्या सुधाकरला समोर बसवलं. सुधाकर खोडे मोहगावचा, संत्रेवाल्याचा मुलगा, अंगानं दरवाजाएवढा आणि बोलायला अगदी कमी. वाढप्यानं जिलब्या वाढायच्या आणि सरांनी सुधाकरच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहायचं. पंगत उठली, दुसरी बसली, तरी सुधाकरचं समाधान पहिल्या जिलबीइतकंच टिकून. नवऱ्या मुलीचे वडील दोनदा येऊन पाहून गेले. शेवटी सरांनी हात टेकले. "नियम बरोबर हाये," ते म्हणाले. "हा पोट्टाच अपवाद हाये."

सर एकटे राहत. लग्न झालं नव्हतं. त्याचं कारणही अर्थशास्त्रच, असं गावात म्हणत. एक गोष्ट घेताना दुसरी जी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. पुस्तकात तिला 'अवसर लागत' म्हणतात. सरांनी तरुणपणी तीन-चार मुली पाहिल्या होत्या. प्रत्येक वेळी एकीला हो म्हटलं तर काय काय सोडावं लागेल याचा हिशेब मांडेपर्यंत ती मुलगी दुसऱ्याच्या घरी जाऊन हळदीकुंकू करू लागे. सर हे स्वतःच हसत हसत सांगत आणि आम्हीही हसत असू.

आता भिंतीकडे येतो.

आमच्या वर्षी ताण सुरू झाला आणि चार-पाच दिवसांत आमची पानं गळायला लागली. फळा प्रश्नांनी भरलेला आणि उत्तर एकाचंही नाही. त्याच सुमारास एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, मी अंगणात चहा पीत असताना भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला. दिवसभर वर्गात मुका असलेला माणूस मोकळ्या गळ्यानं बोलत होता.

"आज सुधाकरनं चांगला प्रश्न इचारला. सोन्याचे भाव चढले तं लोकं अजून कायले घेतेत? आता पाह्य. वांगे महाग झाले तं आपन भोपया घेतो. सोन्याचं तसं नाई..." आणि पुढे सगळं उत्तर आलं. उदाहरणांसकट, मध्ये खोकण्यासकट.

मी चहा तसाच ठेवून भिंतीला कान लावला. आई चुलीपाशी होती. तिला खुणेनं विचारलं, हे काय? तिला त्याचं काहीच नवल नव्हतं. "झाडासंग बोलून राहिले," ती म्हणाली. "दरसालचंच हाये थे. तुह्या ध्यानात आज आलं."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं की पाणी भिंतीवरून येतं. मग काय विचारता! दिवसा आम्ही फळ्यावर प्रश्न लिहायचो, संध्याकाळी मी भिंतीपाशी पालथ्या बादलीवर बसायचो, आणि सकाळी सर येण्यापूर्वी सहा जणांना उत्तरं वाटायचो. सावरगावचा मनोहर मला 'पाटकरी' म्हणू लागला. पाटाचं पाणी ज्याच्या हातात, तो पाटकरी. सौंसरहून बसनं येणारी शालिनी आमच्यात सगळ्यात सरळ. तिचं एकच म्हणणं, "सरांना कळलं तर त्यांना किती वाईट वाटेल! त्यांचा ताण मोडला म्हणून." आम्ही तिला शपथ घातली, कोणी बोलायचं नाही.

या सुखाच्या दिवसांत एक संकट आलं. कॉलेजच्या व्हरांड्यात गोणपाटाखाली झाकलेल्या टाइपरायटरच्या रूपानं ते आलं.

कॉलेजच्या कमिटीचे अध्यक्ष बाबूशेठ. जिनिंगचे मालक, कापसातला माणूस. त्यांच्या मनानं घेतलं होतं की आमचा विषय बंद करून त्या खोलीत टायपिंगचा क्लास काढायचा. सात पोरांसाठी एक खोली, एक फळा आणि एक मास्तर, तोही महिनाभर मुका, हा त्यांच्या लेखी शुद्ध तोटा. मशिनी आधीच आणून ठेवल्या होत्या. विषय बंद म्हणजे ढोमणे सरांची नोकरी बंद, हेही प्राचार्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं. मग सरांनी बोरगावला जाऊन भावांच्या बागेत राखण करावी, दुसरं काय. एवढ्यावरही बाबूशेठ न्यायी माणूस. ते म्हणाले, मी वर्गात येतो. फायनलच्या पोरांना या शिक्षणातून काय भेटतं, ते मास्तरानं मला समजावून सांगावं. पटलं तर ठीक.

आणि दिवस कोणता ठरावा? संक्रांतीच्या अलीकडचा. ऐन ताणातला.

प्राचार्य आमच्यादेखत सरांच्या हातापाया पडायचेच बाकी होते. "पाच मिनिटं बोला, ढोमणे सर. जेवढं गरजेचं तेवढंच बोला. मग पुन्हा बसा मुके." सरांनी हात जोडले आणि नाही म्हणून मान हलवली. "अहो, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे!" सरांनी पुन्हा हात जोडले. प्राचार्य कपाळावर हात मारून निघून गेले. मनोहरनं सरांचा शर्ट धरून विचारलं, "सर, एक दिवस पानी सोडलं तं काय होते?" सरांनी त्याच्या हातातून शर्ट सोडवून घेतला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे अर्थशास्त्र नव्हतं. मग सर हळू म्हणाले, "उद्या मी बोललो तं मी वाचीन. पन थे पोट्टे कवा बोलतीन? ऐन ताणात पानी सोडलं का झाड फसते. निस्ते पानं येतीन." थोड्या वेळानं पुन्हा, "बोलतीन. न बोलाले काय झालं!" त्यांच्या आवाजात मात्र तेवढा विश्वास नव्हता. मला रात्री जेवण गेलं नाही, हे खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी बाबूशेठ आले. पांढरं धोतर, काळा कोट, मागे कमिटीचे दोन म्हातारे सभासद. प्राचार्यांनी खुर्च्या मांडल्या. बाबूशेठनी कोट सारखा केला आणि विचारलं, "हं मास्तर, सांगा. ह्या फायनलच्या पोट्ट्याइले तुमच्या शिकवन्यातून काय भेटून राहिलं?"

सर गप्प.

"मास्तर?"

सर बाबूशेठकडे अतिशय प्रेमानं पाहत होते, पण गप्प. बाहेर व्हरांड्यात एक बकरी टाइपरायटरवरचं गोणपाट ओढत होती, तेवढाच आवाज.

"मास्तर मुके हायेत काय?"

"नाही, नाही," प्राचार्य घाईघाईनं म्हणाले. "म्हणजे सध्या आहेत. ती एक पद्धत आहे, संत्र्याची. पाणी तोडायचं, मग बहार..."

"कपाशीत नाई असं काही," बाबूशेठ म्हणाले. "कपाशीले पानी नाई भेटलं तं कपाशी मरते." आणि ते उठायला लागले. अर्धे उठलेही होते.

"मी सांगतो!" मनोहर ताडकन उभा राहिला. पुढे काय सांगायचं हे त्यानं बहुधा उभं राहण्याआधी ठरवलं नव्हतं, म्हणून त्यानं घरचंच काढलं. "शेठजी, आमच्या बाबाची ठेसनापाशी चायची टपरी हाये. मले पहिले वाटे, आमची चाय चांगली हाये म्हनून लोकं पितेत. इथं शिकलो तवा समजलं, बाजूले दुसरी टपरी नाई म्हनून पितेत. याले एकाधिकार म्हनतेत."

"मंग बापाले सांगतलं काय?"

"सांगतलं. त्यानं झापड मारली."

म्हातारे सभासद खोकल्यागत हसले. "म्हंजे भेटलं काय? झापड!" बाबूशेठ म्हणाले, पण खाली बसले.

मग शालिनी उठली. ती पदराशी चाळा करत, पण खणखणीत बोलली. "मला पाहायला आले होते, दिवाळीत. मुलगा म्हणाला, लग्नानंतर शिक्षण सोडावं लागेल. मी म्हटलं, ती माझी अवसर लागत झाली. तुमची कोणती? म्हणजे, तुम्ही काय सोडाल? तो बिचारा खूप विचार करून म्हणाला, पान खाणं सोडीन."

"मंग?"

"मी नाही म्हटलं. पान फार कमी पडत होतं."

"अन् तुह्ये वडील काय म्हनले?"

"आधी रागावले. मग त्यांनीच पान सोडलं. का ते सांगत नाहीत."

बाबूशेठनी तोंडातल्या पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. ते जरा अस्वस्थ दिसले.

माझी पाळी आली तेव्हा मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही. इतकंच आठवतं की मी भिंतीबद्दल बोलणार होतो आणि शालिनीनं माझ्या पायावर पाय दिला. उरलेले तिघेही काहीबाही बोलून बसले आणि शेवटी सुधाकर उरला. तो उठला, बाकाला हलवून उठला, आणि म्हणाला, "मले काईच नाई भेटलं."

वर्गात सगळे गार. सरांनी टेबलावरचा खडू उचलला आणि पुन्हा ठेवून दिला.

"डिग्री भेटन का नाई, थेही ठावं नाई," सुधाकर पुढे म्हणाला. तीन वर्षांत तो इतकं सलग कधी बोलला नव्हता. "मले निस्ते प्रश्न पडून राहिले. पहिले पडत नोते. मी मस्त झोपत होतो. आता बगीच्यात गेलो तं प्रश्न, बाजारात गेलो तं प्रश्न. शेठजी, तुमाले एक इचारू काय?"

"इचार बापा."

"तुमी म्हनता टायपिंग शिकलं का नोकरी भेटते. आता पांढुर्ना केवढं अन् सौंसर केवढं? दरसाल आपन सगळेच टायपिस्ट काढले, तं थे सगळे मिळून टाइप काय करतीन?"

बाबूशेठ विचारात पडले. खरोखर पडले. छताकडे पाहून, बोटानं कोटाचं बटण फिरवत त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर शोधलं. "अर्ज," ते म्हणाले.

"कायचा?"

"नोकरीचा."

हे तोंडातून निघालं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. वर्गात कोणी हसलं नाही, हसायची छातीच नव्हती. पहिले हसले ते बाबूशेठ. ते इतके हसले की प्राचार्यांना पाणी मागवावं लागलं. डोळे पुसून ते म्हणाले, "अजून इचार."

आणि मग आमचा बांध फुटला. महिनाभराचे प्रश्न साचलेले, उत्तर देणारा माणूस समोर बसलेला! जिनिंगमध्ये दर तुम्ही ठरवता की कापूस आणणारा? सगळे जिनिंगवाले एकाच दिवशी दर कसे पाडतात? दुष्काळात कापड महाग, मग कापूस स्वस्त कसा? बाबूशेठ कधी तावातावानं, कधी चाचरत, कधी "थे सोड, दुसरं इचार" असं म्हणत उत्तरं देत राहिले. सभासद झोपी गेले. बकरीनं गोणपाट खाली पाडलं. जेवायची वेळ टळून गेली तरी बाबूशेठ उठेनात.

सर कधी उठले होते कळलंच नाही. आमच्याकडे पाठ करून ते फळा पुसत होते. फळा केव्हाच कोरा झाला होता, तरी पुसत होते.

जाताना बाबूशेठ दारात थांबले. "पोट्ट्याइले काय भेटलं थे मले नाई समजलं," ते प्राचार्यांना म्हणाले. "पन जोवर समजत नाई तोवर हे बंद करू नका. मशिनी व्हरांड्यातच राहू द्या." आणि सरांकडे वळून, "मास्तर, मी मधूनमधून येत जाईन. मांगं बसीन." ते पुढे खरंच येत, मागच्या बाकावर बसत आणि सर खडू फेकून मारतील म्हणून पान बाहेर थुंकून येत.

त्या संध्याकाळी मी बादली घेऊन लवकरच भिंतीपाशी बसलो. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सर हजेरी घेऊ लागले. महिनाभर न घेतलेली, नाव घेऊन घेतलेली हजेरी.

"मनोहर." थांबले. "बोलला. झापडीचं सांगतलं, पन बोलला." मग "शालिनी," आणि नुसतंच हसले. "सुधाकर..." नाक ओढल्याचा आवाज आला. "सुधाकरले प्रश्न पडून राहिले!" घरात पहिलं नातवंड झाल्याची बातमी द्यावी तशा आवाजात त्यांनी ते सांगितलं. उरलेली नावंही झाली. आणि शेवटी, "वसंता."

वसंता म्हणजे मी. माझ्या ओठांवर 'हजर' आलं होतं, ते मी हातानं दाबून धरलं. पलीकडे सर जरा वेळ थांबले, आणि मग आत गेले.

मी डोळे पुसत घरात गेलो तर आई कण्या शिजवत होती. "आई, सर झाडासंग काहून बोलतेत?" मी विचारलं.

"मंग कोनासंग बोलतीन?" ती म्हणाली. "त्या मानसाले घरात हाये कोन? अकरा महिने तुमी पोट्टे राहता म्हनून बोलनं तरी होते. ह्या महिन्यात थेही सोडते. तुमी म्हनता सर आमाले ताण देतेत. ताण कोनाले हाये, पाह्य."

मी वर्षानुवर्षे शेजारी राहत होतो, आणि हे मला अर्थशास्त्राच्या फायनलला येईपर्यंत सुचलं नव्हतं.

संक्रांतीच्या सकाळी आम्ही ठरवलं, सरांनी वर्गात तिळगूळ आणायच्या आधी आपणच त्यांच्या घरी जायचं. शालिनी पहिल्या बसनं डबा घेऊन आली. आईनंही एक वाटी दिली. सातही जण सरांच्या अंगणात शिरलो. मी शेजारी असून त्या महिन्यात भिंतीच्या त्या बाजूला पहिल्यांदाच गेलो. सर ओट्यावर दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. आम्हाला पाहून गडबडून उभे राहिले. अजून तिळगूळ झाला नव्हता, म्हणून बोलता येईना.

सुधाकर मात्र सवयीनं आधी झाडापाशी गेला. संत्रेवाल्याचं पोर, झाड दिसलं की हात लावणारच. झाड हिरवंगार होतं. पानं लुसलुशीत, कळीचा पत्ता नाही. त्यानं वाकून बुंध्याजवळची माती चिमटीत घेतली. ओली होती.

"सर," तो गोंधळून म्हणाला, "तुमच्या झाडाले तं पानी चालूच हाये! ताण कुठी देल्ला?"

सगळे झाडाकडे पाहत होते. मी पाहत होतो खुर्चीकडे. सरांची संध्याकाळची खुर्ची झाडाजवळ नव्हतीच. झाड अंगणाच्या त्या टोकाला. खुर्ची या टोकाला, आमच्या भिंतीला अगदी चिकटून, झाडाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून. तिच्या चार पायांनी जमिनीत खळगे पडले होते. बरोबर समोर, भिंतीच्या आमच्या बाजूला, माझी बादली असायची.

सरांनी मला पाहताना पाहिलं. गालावरचा साबण वाळत आला होता. शालिनीनं पुढे होऊन त्यांच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला, गिळला, आणि महिनाभरानं पहिल्यांदा आमच्यासमोर बोलले. उत्तर सुधाकरला होतं, पण पाहत होते माझ्याकडे.

"त्याले तहान लागली होती ना बाप्पा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हजर सर."

बाकीच्यांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, हजेरी सुरू झाली. मग तेही एकेक करून हजर सर, हजर सर म्हणू लागले.